व्यायाम कधी होतो, कधी नाही. ताट मात्र रोजचंच

बेंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलावर संध्याकाळी साडेसहाला अडकलेल्या माणसाला ‘रोज पाऊण तास चालत जा’ असं सांगणं सोपं आहे. आउटर रिंग रोड इथे बळ्ळारी रोडला मिळतो, विमानतळाकडे जाणारी सगळी गर्दी याच तोंडातून निघते आणि नागवाऱ्याच्या मान्यता टेक पार्कमधून सुटलेल्या गाड्या तिच्यात भर घालतात. घरी पोचावं तर अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. सप्टेंबर-ऑक्टोबर हे बेंगळुरूचे सर्वांत पावसाळी महिने, आणि तो पाऊस बहुतेक वेळा नेमका संध्याकाळीच येतो. मध्येच गणपतीला कोल्हापूर, दिवाळीला पुणं. अशा धबडग्यात एखाद्या आठवड्यात चार दिवस तळ्याकाठी चालणं होतं आणि पुढच्या आठवड्यात बूट कपाटातून निघतही नाहीत.

वजन कमी करायला निघालेल्याला मग प्रश्न पडतो: व्यायाम झाला त्या दिवशी जरा जास्त खायचं का? नाही झाला त्या दिवशी उपाशी राहायचं का? माझं उत्तर आधीच सांगते. खाणं बैठ्या दिवसाच्या गरजेवर बेतायचं आणि दोन्ही दिवशी साधारण तेवढंच ठेवायचं. घरखर्च पगारावर बसवतात, बोनसवर नाही. जे चालणं होईल ते वरचं. असं का, ते आकड्यांतून पाहू. (या लेखात कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, पाकिटांवर छापतात तीच.)

आधी बैठ्या दिवसाचा आकडा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या गरजांचे सुधारित आकडे दिले. ६५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी. मध्यम श्रमाचं काम असेल तर २७१०. जड श्रमाचं असेल तर ३४७०. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२०.

बैठं आणि मध्यम यांच्यात पुरुषांसाठी तब्बल ६०० कॅलरींचं अंतर आहे. घोटाळा होतो तो इथेच. मोबाइलमधलं ॲप विचारतं, ‘तुम्ही किती सक्रिय आहात?’ आठवड्यातून तीन-चारदा चालणारा माणूस (किंवा चालायचा बेत असलेला माणूस) प्रामाणिकपणे ‘मध्यम’वर बोट ठेवतो. पण पोषणशास्त्रात मध्यम श्रम म्हणजे दिवसातले बरेच तास उभ्याने, हातापायांनी केलेलं काम. आठ-नऊ तास खुर्चीत, दीड-दोन तास गाडीत आणि पाऊण तास चालणं, ही बेरीज बैठ्या वर्गातून फारशी वर सरकत नाही.

उदाहरणादाखल एक पुरुष घेऊ: वय ३८, उंची १७० सेंमी, वजन ७८ किलो. नुसतं पडून राहिला तरी त्याचं शरीर दिवसाला १६०० च्या आसपास कॅलरी खर्च करतं. बैठ्या दिनक्रमासह हा आकडा २१०० च्या जवळ जातो. ‘मध्यम सक्रिय’ निवडल्यावर बहुतेक ॲप त्याचा खर्च २५०० च्या वर दाखवतात, त्यातून ४०० वजा करतात आणि ‘२१०० ते २२०० खा, वजन उतरेल’ असं सांगतात. बैठ्या दिवशी त्याचा खरा खर्चच तेवढा आहे! तो नेमाने नोंदी ठेवतो, तोंडावर ताबा ठेवतो आणि तीन महिन्यांनी काटा तिथल्या तिथे. मग दोष थायरॉइडला, वयाला, आनुवंशिकतेला. ॲपमध्ये ‘बैठं’ निवडणं मनाला लागतं, पण निवडावं तेच.

याच माणसाने १७०० कॅलरींवर ताट बसवलं, तर एकही पाऊल न चालता रोज ४०० ची तूट पडते. स्त्रियांना मात्र ४०० ची तूट बहुधा झेपत नाही. बैठ्या दिवसाच्या १६६० मधून ४०० गेले तर १२६० उरतात. त्यात पुरेशी प्रथिनं, लोह आणि कॅल्शियम बसवणं फार अवघड. २५० ते ३०० ची तूट धरावी आणि वेळ जास्त लागेल हे मान्य करावं. एकाच घरात नवऱ्याचं वजन भराभर उतरतं आणि बायकोचं रेंगाळतं, त्याला मनोनिग्रहापेक्षा हे गणित जास्त जबाबदार असतं.

पाऊण तासाचं चालणं आणि एक मसाला डोसा

चालताना माणूस दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे, अर्धी कॅलरी जास्तीची खर्च करतो. वरच्या ७८ किलोच्या माणसाने पाऊण तासात पावणेचार किलोमीटर तोडले तर जळतात साधारण १४५. बसून राहिला असता तरी जे जळालं असतं ते यात धरलेलं नाही, आणि धरूही नये, कारण ते २१०० मध्ये आधीच मोजलं आहे. मनगटावरची घड्याळं बरेचदा दोन्ही मिळून आकडा दाखवतात, म्हणून तो फुगलेला वाटतो.

घड्याळांच्या अचूकपणाबद्दल फार आशा ठेवू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात बरं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट उपकरण ९३ टक्क्यांनी.

आता सकाळचं चालणं संपवून कोपऱ्यावरच्या दर्शिनीत शिरा. उभ्याउभ्याच खायचं असतं, त्यामुळे आपण काही ‘हॉटेलात जेवलो’ असं वाटत नाही. लोणी सोडलेला मसाला डोसा साडेतीनशे ते साडेचारशे कॅलरींच्या घरात जातो. वर साखरेची फिल्टर कॉफी, तिच्या ऐंशी-नव्वद. पाऊण तासाची कमाई पंधरा मिनिटांत तिपटीने फिटते. डोशाशी माझं भांडण नाही. तो नाश्ता म्हणून मोजा आणि खुशाल खा. ‘आज चाललो ना’ म्हणून नाश्त्यावर वेगळा खाल्ला की हिशोब बिघडतो.

माणूस स्वतःच्या खाण्याचा आणि श्रमाचा अंदाज किती चुकवतो, याचा एक जुना अभ्यास आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्यांचं खाणं आणि ऊर्जाखर्च काटेकोर मोजला गेला. त्यांनी खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ती माणसं लबाड नव्हती. अंदाजाचं असंच असतं.

चेंगाइलच्या ज्यूट गिरणीत

‘व्यायाम बंद पडला की भूकही आपोआप कमी होईल’ हा समज सुखाचा आहे, पण चुकीचा. या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास आपल्याच देशात झाला. हार्वर्डचे जॉं मेयर यांनी भारतीय सहकाऱ्यांसह कोलकात्याजवळच्या चेंगाइल इथल्या लडलो ज्यूट गिरणीतल्या २१३ माणसांचं खाणं, वजन आणि काम तपासलं; निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. हलक्या कामापासून जड कामापर्यंत श्रम वाढत गेले तसं खाणंही वाढत गेलं आणि वजन जवळपास तेवढंच राहिलं. दिवसभर दुकानात किंवा टेबलाशी बसून असणारी मंडळी मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होती आणि वजनानेही जास्त होती. ठरावीक पातळीच्या खाली हालचाल गेली की भूक खर्चाचा माग ठेवेनाशी होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मान्यता टेक पार्कमधला माणूस त्या गिरणीत असता, तर तो टेबलाशी बसणाऱ्यांच्याच रांगेत असता. व्यायाम न झालेल्या दिवशी भुकेवर विसंबण्यात म्हणूनच धोका आहे. प्रमाण आधी ठरलेलं हवं.

याची दुसरी बाजूही आहे. व्यायामशाळेत न जाणाऱ्या दिवशीसुद्धा उठणं-बसणं, जिने, चालत भाजी आणणं यातून खर्च होतच असतो. तेव्हा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये असलेले जेम्स लेव्हिन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की स्थूल माणसं सडपातळ माणसांपेक्षा दिवसाला दोन तासांहून जास्त बसलेली असत, आणि दोघेही मुद्दाम व्यायाम न करणारेच होते. कॉल उभ्याने घेणं, हॉपकॉम्सच्या दुकानातून भाजी चालत जाऊन आणणं, तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट सोडणं, या गोष्टी पावसातही होतात. आठवडाभर बुडालेला व्यायाम त्या भरून काढत नाहीत. पण बैठा दिवस अगदीच बैठा राहू देत नाहीत.

हिशोब आठवड्याचा धरा

वरच्याच माणसाचे दोन आठवडे मांडू. दोन्हींत रोज १७०० कॅलरी. पहिल्या आठवड्यात तो तीनदा चालला: खाण्यातली तूट २८००, चालण्याची भर साधारण ४३५, एकूण सव्वातीन हजारांच्या आसपास. दुसऱ्यात एकदाही नाही: २८००. म्हणजे सगळा व्यायाम बुडूनही सात-आठ हिश्श्यांतला एकच हिस्सा गेला. आता तिसरा आठवडा: चालणं तीन दिवस, पण ‘आज व्यायाम झालाय’ म्हणत त्या तीन दिवशी ४०० जास्त खाल्ले. तूट उरली दोन हजारांच्या जरा वर. काहीच न चाललेल्या आठवड्यापेक्षा कमी!

एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात. २८०० च्या तुटीने आठवड्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम, महिन्याला दीड किलो. हे सुरुवातीचं. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराचा खर्चही घटतो. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि सहकारी यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: खाण्यातला बदल कायम ठेवला तरी वजनातला निम्मा फरक पडायला वर्षभर लागतं आणि जवळजवळ पूर्ण फरक पडायला तीन वर्षं. जाहिरातीतल्या ‘तीन महिन्यांत पंधरा किलो’ला हे उत्तर पुरेसं आहे.

शनिवारी कोणाकडे जेवण असेल तर इतर पाच-सहा दिवशी साठ-सत्तर कॅलरी कमी करून जागा करता येते. आठवड्याची बेरीज तीच राहिली म्हणजे झालं. मात्र आदल्या दिवशी उपास काढून दुसऱ्या दिवशी वसुली करू नये. ती वसुली नेहमी मुद्दलापेक्षा जास्त होते.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. रविवारी पहाटे हेब्बाळहून बळ्ळारी रोडने नंदी हिल्सकडे सायकली निघतात. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आणि वर चढ; चार-पाच तासांच्या अशा दमछाकीत दोन हजारांहून जास्त कॅलरी खर्च होऊ शकतात. त्या दिवशी १७०० वर अडून बसणं म्हणजे सोमवारी चक्कर आणि मंगळवारी अधाशीपणा. दीड तासाच्या पुढचा, घाम काढणारा श्रम असेल तर खर्चाच्या निम्मं भरून काढावं, त्यातलं काही वाटेतच: केळं, चिक्की, मीठ-साखरेचं पाणी. पाऊण तासाच्या चालण्याला यातलं काही लागत नाही, साधं पाणी पुरतं.

मग चालायचं तरी कशाला?

कारण वजनाचा काटा हा आरोग्याचा एकमेव काटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आहे, आणि ती एकावेळी किमान दहा मिनिटं हवी ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ६३ हजारांवर प्रौढांच्या २०१७ मधल्या अभ्यासात आठवड्यातून एक-दोनदाच व्यायाम करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अजिबात न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी आढळला. अनियमित व्यायाम वाया जात नाही. वजन उतरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये, इतकंच.

आपल्यासाठी याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘दिसायला बारीक, आतून चरबी’ या शरीररचनेचा अनेक वर्षं अभ्यास केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघेही अंगाने मध्यम, अंगरख्यात फरक ओळखू येणार नाही असे! म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा बीएमआय २३ वर धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमीच्या आत असावा असं सांगतात.

नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आपल्याकडे मुळातच कमी. आठवड्यातले दोनच दिवस हाती असतील तर त्यातला निदान एक दिवस चालण्याऐवजी उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याचा कॅन उचलणं यांना द्यावा. प्रथिनांकडेही बघावं. पोषण संस्थेचा आकडा वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना एक ग्रॅमच्या पुढे ठेवलेलं बरं. पोहे-उपमा-इडली-भात या क्रमाने दिवस काढणाऱ्या शाकाहारी घरात तेवढं सहज होत नाही. उसळ, दही, चालत असतील तर अंडी, कोशिंबिरीत भिजवलेली मूगडाळ, अशी भर मुद्दाम घालावी लागते.

नाचणी, आणि घरातली तेलाची बाटली

हेब्बाळला राहून नाचणीचं नाव न घेणं बरं नव्हे. म्हैसूरच्या महाराणींनी १८९९ मध्ये इथली ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगांसाठी दिली; पुढे त्यातूनच कृषी विद्यापीठाचा पाया पडला, आणि आज बळ्ळारी रोडवरच्या त्याच्या जीकेव्हीके आवारात नाचणीच्या वाणांवर संशोधन चालतं. नोव्हेंबरातल्या कृषिमेळ्याला गेलात तर नाचणीचे लाडू, बिस्किटं, शेवया पिशव्या भरभरून विकल्या जातात, ‘वजन कमी होतं’ या खात्रीने.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३२० कॅलरी, तेवढ्याच गव्हाच्या पिठात ३२०, ज्वारीत ३३४, तांदळात ३५६. कोरड्या वजनावर फरक नगण्य. नाचणीचं मोठेपण वेगळीकडे आहे: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आणि भरपूर चोथा, त्यामुळे पोट लवकर भरतं. नाचणीच्या उकडीचे गोळे, म्हणजे मुद्दे, चावत नाहीत, पालेभाजीच्या सारात बुडवून गिळतात. एकावर माणूस थांबतो. भाताचं तसं होत नाही. नाचणीच्या लाडवात मात्र तूप-गूळ नाचणीपेक्षा जास्त बोलतो.

खरी गळती बाटलीत असते. तिघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला ४० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी, आणि त्यात बाहेरचं खाणं धरलेलं नाही. चारऐवजी अडीच लिटरवर आणलं तर माणशी रोज सव्वाशेहून जास्त कॅलरी वाचतात. जवळजवळ रोजचं पाऊण तास चालणंच, पाऊस असो की कॉल.

महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत (मूळ प्रेरणा डॉ. श्रीकांत जिचकार) दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगते आणि जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला. तिच्याबद्दल मतं टोकाची आहेत. अनियमित व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने तिची एक बाजू जमेची वाटते: खाण्याचा नियम चालण्यावर अवलंबून नाही. पण मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. शिवाय अकरा वाजताची ‘बाय-टू’ (एक कप दोघांत) कॉफी नाकारायची म्हणजे बेंगळुरूच्या ऑफिसात अर्धी मैत्री नाकारणं.

खंड पडला, काटा उसळला

गावाहून परतल्यावर काट्यावर दीड-दोन किलो जास्त दिसतात आणि माणूस हाय खातो. पाच दिवसांत दोन किलो चरबी वाढायला रोजच्या खर्चापेक्षा तीन हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. फराळाचे डबे रिकामे करूनही ते कठीण. वाढलेलं बहुतांश पाणी असतं. शरीरात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं, आणि चिवडा-शेवेतलं मीठ आणखी धरून ठेवतं. उलट, बऱ्याच दिवसांनी जोरात व्यायाम केल्यावर अंग दुखतं तेव्हाही स्नायूंत पाणी साठून काटा वर जाऊ शकतो. या दोन्ही वेळी जेवण तोडू नये. नेहमीच्या ताटावर यावं, आठवडाभर रोज सकाळी वजन घ्यावं आणि फक्त सरासरी पाहावी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणारे, गरोदर व स्तनदा माता, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झालेले यांनी हे आकडे स्वतःवर लावू नयेत. इतरांनीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२००, पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये.

बाकीच्यांनी कोणत्याही सोमवारची वाट न पाहता सुरुवात करावी. दोन आठवडे जे खाता ते, तेलासकट, लिहून ठेवा. बैठ्या दिवसाच्या आकड्यातून आपली तूट वजा करा आणि महिनाभर त्यावर राहा. महिन्याच्या शेवटी सरासरी हलली नसेल, तर चालण्याचे दिवस वाढवण्याचा नवा संकल्प करू नका; ताटातून रोजच्या आणखी १५० कॅलरी काढा.